आमच्या लेकीचा एकविसावा वाढदिवस: अमेरिकेच्या काँग्रेस सदस्यांना खुलं पत्र

माननीय सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

येत्या ऑक्टोबरमध्ये आमची लेक एकवीस वर्षांची होईल. तिच्या वर्गातल्या मुली या वाढदिवसाची वाट बघतात. आमच्या घरात त्याचा विषय कुणी काढत नाही. तिचा बाबा दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारा सरकारी तक्ता, उघडतो, तारीख बघतो आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवतो. मग मीही विचारत नाही, तीही विचारत नाही. तिचा अकरा वर्षांचा भाऊ मात्र एकदा म्हणाला, "ताईला जावं लागलं तर तिची खोली तशीच ठेवायची." तो इथे रालीत जन्मला, म्हणून तो या देशाचा नागरिक आहे. ताई सांगलीत जन्मली. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांमध्ये तुमच्या कायद्याने ही रेघ ओढली आहे, आणि तिच्याविषयीच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

या पत्राचा इंग्रजी मसुदा मी वेगळा पाठवला आहे. मराठीत मुद्दाम लिहिते आहे, कारण मला या देशात मत नाही. पण इथे नागरिक झालेल्या हजारो मराठी माणसांना ते आहे, आणि तुम्हाला लिहिलेलं पत्र त्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आम्ही ऑगस्ट २०११ मध्ये आलो. लेक पावणेसहा वर्षांची होती. विमानात तिने माझं बोट सोडलं नाही. त्याच महिन्यात ती नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या गावच्या शाळेत बालवर्गात बसली. इंग्रजीत तिला रंग आणि आकडे येत होते, बाकी काही नाही. पिवळ्या बसमध्ये तिच्या शेजारी एक मुलगी बसायची, जिच्या घरी स्पॅनिश बोलत. दोघींनाही धड इंग्रजी येत नव्हतं, म्हणूनच त्यांची गट्टी जमली असावी. नाताळच्या सुट्टीपर्यंत दोघी एकमेकींशी भराभर इंग्रजी बोलायला लागल्या. रोज सकाळी छातीवर हात ठेवून दोघी या देशाच्या झेंड्याची प्रतिज्ञा म्हणायच्या. घरी येऊन ती मला शिकवायची. मला आजही ती पाठ आहे.

आता कायद्याकडे वळते. माझ्या नवऱ्याचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा; आम्हा मायलेकींचा एच-फोर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा. त्याच्या कंपनीने ग्रीन कार्डाची, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवान्याची, प्रक्रिया नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू केली, तीच आमची प्रायॉरिटी डेट, रांगेतला आमचा नंबर ठरवणारी तारीख. २०१७ मध्ये कंपनीचा अर्ज मंजूर झाला. म्हणजे हा माणूस ग्रीन कार्डाला पात्र आहे हे सरकारने मान्य केलं, फक्त नंबर लागायचा राहिला. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं द्यायची आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण ७ टक्क्यांच्या वर द्यायची नाहीत, ही चौकट तुम्ही १९९० साली आखली. भारताला आणि आइसलंडला मर्यादा सारखीच. शिवाय त्या १,४०,००० मध्ये नोकरी करणाऱ्याबरोबर त्याची बायको आणि मुलंही मोजली जातात. २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या रांगेत २०१३ सालचे अर्ज हाताळले जात होते. आम्ही २०१५ चे. रांगेतली दोन वर्षं कॅलेंडरवरच्या दोन वर्षांत सरत नाहीत, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक आहे.

आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की तुमचा कायदा त्याला आमचं मूल मानत नाही. आमच्या अर्जावरून तिचं नाव उतरतं, तिचा एच-फोर संपतो. आमच्याकडे याला 'एज आउट' म्हणतात. हे शब्द आमच्या पोरांना दहाव्या-बाराव्या वर्षीच कळतात, कारण घरात मोठी माणसं दबक्या आवाजात तेच बोलत असतात.

तुम्ही २००२ मध्ये चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट केलात. सरकारी दिरंगाईची शिक्षा मुलांना नको, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण वयातून वजा होतो तो फक्त कंपनीचा अर्ज सरकारदरबारी पडून राहिल्याचा काळ. आमच्या बाबतीत ते सात महिने. नंबरासाठी काढलेली वर्षं वजा होत नाहीत. म्हणजे सात महिन्यांच्या उशिरात मुलीचा दोष नाही हे कायद्याला पटतं, पण दहा वर्षांच्या उशिराचा भार तो तिच्याच डोक्यावर ठेवतो. ही विसंगती कुणा अधिकाऱ्याची चूक नाही. ती कायद्याच्या मजकुरात आहे, आणि तो मजकूर फक्त तुम्हीच बदलू शकता.

अधिकारी काय करू शकतात तेही आम्ही पाहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये इमिग्रेशन खात्याने मुलांचं वय मोजताना बुलेटिनमधला जरा पुढचा, उदार तक्ता धरायला सुरुवात केली. काही घरांमधली मुलं त्यामुळे वाचली. ८ ऑगस्ट २०२५ ला ती सवलत काढून घेतल्याचं जाहीर झालं आणि १५ ऑगस्टपासून जुना, कडक हिशेब पुन्हा लागू झाला. त्या सकाळी सांगलीहून माझ्या आईने झेंडावंदनाचे फोटो पाठवले होते. मी ते बघत असतानाच ओळखीच्या एका बाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा वीस वर्षांचा, नंबर अगदी तोंडाशी आलेला. त्या नुसत्या रडत होत्या. आमची तारीख इतकी मागे आहे की त्या सवलतीचा आम्हाला तेव्हा काही उपयोग नव्हता. तरीही त्या दिवशी मला समजलं की आमच्या मुलांचं आयुष्य एका कार्यालयाच्या सूचनापत्रावर टांगलेलं आहे. एका ओळीने मिळतं, दुसऱ्या ओळीने जातं.

एकविशीच्या आधीची वर्षंही सुखाची नव्हती. सोळाव्या वर्षी तिच्या मैत्रिणी आइस्क्रीमच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर उन्हाळ्यात कामं करायला लागल्या. एच-फोरवरच्या मुलाला पगाराचं काम करता येत नाही, सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. ती मैत्रिणींना सांगायची, "आई नको म्हणते." खरं कारण सांगण्यापेक्षा आईला कडक ठरवणं तिला सोपं वाटलं, आणि मीही ते चालू दिलं. बारावीत शाळेने संघीय आर्थिक मदतीचे अर्ज भरायला पालकांना एका संध्याकाळी व्यायामशाळेत बोलावलं होतं. आम्ही गेलो, दहा मिनिटं बसलो, आणि तो अर्ज आमच्यासाठी नाही हे कळल्यावर उठून आलो. गाडीत ती म्हणाली, "बरं झालं, लवकर घरी चाललोय." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तिला नर्स व्हायचं आहे. करोनाच्या काळात ती शाळकरी होती. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात ती वाणसामान ठेवून यायची, काचेच्या दारापलीकडून त्यांच्याशी बोलायची. तिथून हे वेड लागलं. आता ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या देशाला नर्सेस हव्या आहेत हे तुमच्या भाषणांतून मी अनेकदा ऐकलं आहे. आता तिच्यापुढची वाट बघा. एकविशीनंतर राहायचं तर विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. त्यासाठी 'शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा आहे' हे पटवून द्यावं लागतं. मायदेशातलं घर कुठलं, तर माझ्या आईचं. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्या घराच्या खालच्या मजल्यात शिरलं, तेव्हापासून आई माझ्या भावाकडे राहते. त्या घराला कुलूप आहे. माझ्या लेकीने ते आयुष्यात दोनदा पाहिलं आहे. तिने कुठल्या तोंडाने सांगायचं की मी तिथे परत जाणार आहे?

समजा, विद्यार्थी व्हिसा मिळाला. पदवीनंतर वर्षभर काम करता येईल. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना मिळणारी पुढची दोन वर्षं नर्सिंगला नाहीत. मग एच-वन-बी. तो वर्षाला ८५,००० जणांना, ज्यात २०,००० इथे मास्टर्स केलेल्यांसाठी राखीव. रुग्णालयातल्या सर्वसाधारण नर्सच्या नोकरीला तर तो सहसा मिळतच नाही. आणि सगळं जमलं तरी ग्रीन कार्डाच्या रांगेत ती शेवटी उभी राहील, जणू तिचे आईवडील इतकी वर्षं त्याच रांगेत उभे नव्हतेच.

सांगली वाईट आहे म्हणून मी हे लिहीत नाही. सांगलीत जन्मल्याचा मला अभिमान आहे आणि तिलाही तो वाटावा म्हणून दर रविवारी मी तिला मराठी शाळेत नेलं. ती मराठी वाचते, अडखळत लिहिते, आजीशी तासभर बोलते. पण आजोळ वेगळं आणि आपलं घर वेगळं. तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिचा भाऊ, तिने पहिल्यांदा सायकल चालवली तो रस्ता, सगळं इथे आहे.

आता त्या बसमधल्या दुसऱ्या मुलीविषयी, कारण तिच्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

ती मेक्सिकोत जन्मली. २००६ मध्ये एक वर्षाची असताना आईने तिला कडेवर घेऊन सीमा ओलांडली. कागद नव्हते. २०१२ च्या १५ जूनला ओबामा सरकारने 'डाका' योजना जाहीर केली. सोळा वर्षांच्या आत आलेल्या, जून २००७ पासून सलग इथे राहिलेल्या मुलांना हद्दपारीपासून दोन-दोन वर्षांचं संरक्षण आणि काम करण्याची परवानगी. त्या दिवशी ज्यांच्याकडे कायदेशीर व्हिसा होता, ती मुलं वगळली गेली. डाकासाठी साधारणपणे पंधरा वर्षं पूर्ण असावी लागतात. ही मुलगी पंधरा वर्षांची झाली २०२० च्या शेवटी. मधल्या काळात, सप्टेंबर २०१७ मध्ये, ट्रम्प सरकारने योजना गुंडाळायला घेतली होती. १८ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निर्णय रद्द ठरवला आणि डिसेंबरमध्ये नवे अर्ज पुन्हा सुरू झाले. तिच्या आईने घरं साफ करून साठवलेल्या पैशांतून ४९५ डॉलर भरले. अर्ज गेला. जुलै २०२१ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने योजना बेकायदा ठरवली. तेव्हापासून ज्यांच्याकडे आधीच डाका आहे त्यांचं नूतनीकरण होतं, पण पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांचे अर्ज घेतले जातात आणि तसेच ठेवले जातात. तिच्या मोठ्या भावाला डाका आहे, तिला नाही. आमच्या राज्यात अशा मुलांना सरकारी विद्यापीठात राज्याबाहेरच्यांची फी भरावी लागते, मग त्यांची सगळी शाळा इथे का झालेली असेना. तिने कॉलेजात नाव घातलं नाही.

म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोन मुली. एकीचे आईवडील कागद घेऊन आले, दुसरीचे कागदांवाचून. आज वीस-एकवीस वर्षांच्या दोघीही एकाच दारापाशी उभ्या आहेत, आणि ते दार बंद आहे.

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत हा विषय निघाला. एक ज्येष्ठ गृहस्थ मला समजावू लागले, "वहिनी, आपण रीतसर आलो. सीमा ओलांडून आलेल्यांच्या ओळीत आपली पोरं उभी करू नका, आपलीच केस बिघडेल." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मला उत्तर सुचलं नाही. लेक मागे पत्रावळी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काका, ती एक वर्षाची होती. तिला कडेवरून आणलं, मला बोट धरून आणलं. आम्हाला दोघींना कुणी विचारलं नव्हतं." ते गप्प झाले. मराठी वाचकहो, आपल्यातल्या अनेकांच्या मनात त्या काकांचंच म्हणणं असतं, म्हणून हे इथे लिहिलं. दोन लाखांहून अधिक मुलं आमच्या लेकीसारखी व्हिसाधारकांची आहेत, आणि डाकावर पाच लाखांहून अधिक तरुण आहेत. एका गटाला सोडवण्यासाठी दुसऱ्याला बाजूला ढकलण्याची भाषा मला मान्य नाही, आणि तिने काही साधलंही नाही.

ते कसं, हे सदस्यहो, तुमच्याच नोंदींतून दिसतं. लहानपणी कागदांवाचून आलेल्या मुलांना इथे कायमचं राहू देणारा ड्रीम अ‍ॅक्ट पहिल्यांदा मांडला गेला २००१ मध्ये, डिक डर्बिन आणि ऑरिन हॅच या दोन पक्षांच्या दोन सिनेटरांनी मिळून. डिसेंबर २०१० मध्ये प्रतिनिधिगृहाने तो मंजूर केला. सिनेटमध्ये ५५ मतं पडली, हवी होती ६०. २०१३ मध्ये सिनेटने इमिग्रेशन कायद्याची व्यापक सुधारणा ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर केली, तर प्रतिनिधिगृहाने ती मतदानाला घेतलीच नाही. मार्च २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने २२८ विरुद्ध १९७ ने त्याच धर्तीचा ड्रीम अँड प्रॉमिस अ‍ॅक्ट मंजूर केला, तो सिनेटमध्ये अडला. त्याच वसंतात आयोवात वाढलेली एक मुलगी तुमच्या उपसमितीसमोर साक्षीला बसली. चार महिन्यांची असताना ती या देशात आली होती आणि एकविशीची भीती काय असते ते तिने तुमच्या तोंडावर सांगितलं. त्याच वर्षी आमच्याच राज्यातल्या डेबोरा रॉस यांनी प्रतिनिधिगृहात आणि अ‍ॅलेक्स पडिया व रँड पॉल यांनी सिनेटमध्ये आमच्यासारख्या व्हिसाधारकांच्या मुलांसाठी अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट मांडला. दोन्ही पक्षांचे लोक त्यात होते. २०२३ मध्ये तो पुन्हा मांडला गेला. फेब्रुवारी २०२४ च्या सीमाविषयक विधेयकातही आमच्या मुलांसाठी तरतूद होती, ते सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५० ने पुढे गेलं नाही. २००१ मध्ये ज्या मुलांसाठी हे सुरू झालं, त्यांची मुलं आता शाळेत जातात.

मला विचारलं जातं, नियम माहीत असून आलात ना? हो, आम्ही मोठी माणसं होतो. काही नियम माहीत होते, रांग इतकी लांबेल हे माहीत नव्हतं, आणि जेव्हा कळलं तेव्हा लेकीची मुळं इथे रुजली होती. चूक धरायची तर आमची धरा. पण तुमच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली टेक्सासच्या खटल्यात सांगितलं होतं की आईबापांच्या वागण्याचा भार मुलांवर टाकणं न्यायाला धरून नाही, आणि कागद नसलेल्या मुलांनाही शाळेचं दार उघडं ठेवलं होतं. शाळेपर्यंत तुम्ही ते पाळता. शाळा सुटल्यावर काय?

म्हणून माझ्या मागण्या सरळ मांडते.

पहिली, मुलाचं वय ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू झाली त्या तारखेला गोठवा. आमच्या लेकीचं वय नोव्हेंबर २०१५ मध्ये दहा होतं, तेच धरा. दुसरी, लहानपणी येऊन दहा वर्षं कायदेशीर राहिलेल्या आणि इथेच पदवी घेतलेल्या मुलांना स्वतःच्या नावाने कायमचं राहण्याचा मार्ग द्या. अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्टमध्ये या गोष्टी लिहिलेल्या आहेत, नव्याने शोधायच्या नाहीत. सोळा वर्षांवरच्या मुलांना, त्यांचा अर्ज रांगेत असताना, काम करण्याची परवानगीही त्यातच आहे.

तिसरी मागणी त्या दुसऱ्या मुलीसाठी. डाका न्यायालयांच्या दारात लटकत ठेवू नका. तिचा कायदा करा, त्यातून नागरिकत्वाकडे जाणारी वाट द्या, आणि २०२१ पासून पडून असलेले पहिले अर्ज हातात घ्या. तोवर लहानपणी आणलेल्या कुणाही मुलाला, त्याच्याकडे कागद असोत वा नसोत, केवळ त्यासाठी या देशातून घालवू नका.

रांग लांब आहे ती देशवार मर्यादेमुळे आणि बायकामुलं त्याच आकड्यात मोजल्यामुळे. तीही दुरुस्ती हवी. पण तिला वेळ लागणार असेल तर मुलांचा प्रश्न तिच्याशी बांधून ठेवू नका. सीमेचा, भिंतीचा, कुठल्याही दुसऱ्या विधेयकाचा मोबदला म्हणूनही त्यांना वापरू नका. त्यांच्यासाठी वेगळं मतदान घ्या आणि प्रत्येकाने आपलं मत नोंदवा.

मराठी नागरिक बंधुभगिनींना एवढीच विनंती, की तुमच्या सिनेटरच्या आणि प्रतिनिधीच्या कार्यालयाला एकदा फोन करा. मी केला तर ते माझा पत्ता लिहून घेतात, तुम्ही केलात तर मतदार म्हणून नोंद होते.

तिच्या वयातून ते सात महिने वजा केले, तर अर्जावरचं नाव टिकायला आमच्या लेकीकडे पुढच्या मे महिन्यापर्यंत वेळ आहे. तुमचं मतदान त्याआधी व्हावं.

आपली नम्र,
एक आई
कॅरी, नॉर्थ कॅरोलिना